धावपट्टी नव्हती तेव्हा

१९३२ सालच्या सप्टेंबरात जुहूचे मैदान काही वाळेना. टाटांच्या नव्या हवाई टपालाचा मुहूर्त १५ सप्टेंबरचा धरला होता. वैमानिक तयार होते. सरकारशी करार तर एप्रिलच्या २४ तारखेलाच झाला होता. पण पाऊस त्या वर्षी लांबला आणि मुंबई ज्याला आपला विमानतळ म्हणत होती ती जागा चिखलात बुडून राहिली. शेवटी मुहूर्त महिनाभर पुढे ढकलला. आता हिंदुस्थानातल्या हवाई वाहतुकीचा इतिहास सांगताना सगळे १५ ऑक्टोबर ही तारीख सांगतात. ती तारीख जुहूच्या चिखलाने ठरवली, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

विमानांच्या गोष्टींत यंत्र असते, धाडसी माणूस असतो, वादळ असते. जमीन नसते. आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला ही उणीव पटकन टोचते, कारण जमिनीची आमची समज धानाने घडवलेली आहे. सानगडीच्या किल्ल्यावरून, म्हणजे सहानगडावरून, चहूकडे नजर टाकली तर दिसतात त्या बांध्या: बांधाला बांध लागून असलेले धानाचे लहान लहान तुकडे, मध्ये मामा (माजी मालगुजारी) तलाव, तलावाच्या पाळीला आंबे-चिंचा, पलीकडे रान. एवढ्या सपाट मुलखात लहानसे विमान उतरवायला चार-पाचशे मीटरची सलग मोकळी पट्टी शोधायला गेलो तर गावाचे आखर तोकडे पडते आणि बांधीत दर दहा-वीस पावलांवर धुरा, म्हणजे बांध, आडवा येतो. सपाट जमीन निराळी आणि विमान उतरण्याजोगी जमीन निराळी. १९२०-३० च्या दशकात हा फरक ज्याच्या डोळ्यांत पक्का बसला होता, अशा एका माणसापासून ही हकिकत सुरू होते.

नेव्हिल व्हिन्सेंट हा जन्माने दक्षिण आफ्रिकेचा. ब्रिटिश हवाई दलात विमाने चालवलेला, आणि नोकरी सुटल्यावर चैन न पडणारा. १९२० च्या दशकाच्या अखेरीस तो जे. एस. न्यूऑल नावाच्या जोडीदारासह युद्धातून उरलेली दोन डीएच-९ विमाने घेऊन हिंदुस्थानात आला आणि गावोगाव हिंडू लागला. धंदा सरळ होता. शहराबाहेरच्या मैदानात विमान उतरवायचे, गर्दी जमली की पैसे घेऊन लोकांना आकाशात एक फेरी मारून आणायचे, आणि पुढचे गाव गाठायचे. तंबूतल्या सिनेमासारखाच हा फिरता खेळ. या भटकंतीत त्याच्या पदरी पडले ते मैदानांचे ज्ञान. कुठली जमीन कठीण, कुठे पावसानंतर पंधरा दिवस पाऊल टाकवत नाही, कुठल्या संस्थानिकाचे पोलोचे मैदान चांगले राखलेले आहे, कुठे झाडांची रांग नेमकी उतरण्याच्या वाटेवर येते, हे सगळे त्याने चाकांनी तपासले होते. या देशात टपालाची विमाने चालवायची तर इंजिनाच्या माहितीइतकीच ही माहिती मोलाची होती.

१९२९ साली तो योजना घेऊन जे. आर. डी. टाटांकडे गेला. जे. आर. डीं.ना त्याच वर्षी १० फेब्रुवारीला वैमानिकाचा परवाना मिळाला होता. हिंदुस्थानात दिलेला तो पहिला, क्रमांक एकचा. वय अवघे चोवीस. लंडनचे टपाल इंपीरियल एअरवेजची विमाने कराचीपर्यंत आणतात, तिथून पुढे मुंबई-मद्रासला ते रेल्वेने रखडत जाते. ते आपण विमानाने न्यावे, एवढीच ती योजना. कंपनीतले जुने जाणते जॉन पीटरसन यांनी कंपनीचे प्रमुख दोराबजी टाटांचे मन वळवले. भांडवल लागणार होते दोन लाख. सरकारकडे अनुदान मागितले, ते मिळाले नाही. अखेर अनुदानाशिवाय, जेवढे टपाल नेऊ तेवढ्याचे पैसे, या बोलीवर करार झाला. दोराबजी मात्र विमान उडायच्या आधीच, १९३२ च्या जूनमध्ये, जर्मनीत वारले.

हवाई टपाल या देशाला अगदीच नवे नव्हते. १९११ च्या फेब्रुवारीत अलाहाबादच्या प्रदर्शनाच्या वेळी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने साडेसहा हजार पत्रे यमुनेपलीकडे नैनीला नेऊन उतरवली होती. पण ती एक दिवसाची गंमत. दर आठवड्याला, ठरलेल्या दिवशी, पावसाळा-उन्हाळा न बघता पत्रे पोचवायची, तर नशिबावर हवाला ठेवून भागत नाही.

टाटांनी घेतलेली विमाने डी हॅविलंड कंपनीची पस मॉथ जातीची होती. एकच इंजिन, ताकद सव्वाशे घोड्यांच्या आतबाहेर. पंख लाकडी, त्यावर कापड. वैमानिकामागे एकदोन माणसांपुरती जागा, तिथेच टपालाच्या थैल्या. सगळे भरून वजन टनाच्या आतच. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बऱ्याचशा मोटारी याहून जड असतात. ताशी शंभर मैलांच्या आसपास वेगाने ते जायचे. त्यात एक मजेदार सोय होती. चाकांच्या दांड्यांवर वाऱ्यासाठी निमुळते आवरण बसवलेले असे. ते वैमानिकाला आतून काटकोनात फिरवता यायचे. तसे फिरवले की तेच आवरण वाऱ्याला आडवे येऊन हवेत ब्रेकचे काम करी. आखूड मैदानात, झाडांच्या शेंड्यांवरून झटकन खाली यायचे तर ही युक्ती फार कामाची. या विमानाची दुसरीही एक ख्याती होती, तितकीशी चांगली नव्हे. काही पस मॉथ हवेतच पंख तुटून पडली होती. ऑस्ट्रेलियाचा प्रसिद्ध वैमानिक बर्ट हिंकलर १९३३ च्या जानेवारीत इटलीच्या डोंगरात मेला तो याच जातीच्या विमानात. जुहूला तेव्हा टपाल सुरू होऊन तीन महिनेसुद्धा झाले नव्हते.

कच्च्या मैदानावर असे विमान उतरते कसे, ते जरा सविस्तर सांगायला हवे, कारण या साऱ्या काळाचे मर्म त्यात आहे. या विमानांना पुढे दोन चाके आणि मागे शेपटीला टेकू. जमिनीवर असताना शेपूट खाली, नाक आकाशाकडे. वैमानिक आधी मैदानावरून खालून एक फेरी मारतो. ती शान दाखवायला मारलेली नसते. गुरे चरत असतील तर आवाजाने ती बाजूला व्हावीत, गुराख्याला कळावे, आणि आपल्याला जमीन जवळून दिसावी, एवढ्यासाठी. खड्डा कुठे, पाणी कुठे साचले आहे, काल इथून गाड्या गेल्या का, चाकोऱ्या पडल्या का, हे त्या एका फेरीत वाचायचे असते. ओली जमीन वरून गडद दिसते. हिरवेगार गवत वरून देखणे, पण त्याखाली बहुधा ओल असते. पिवळट, करपलेली जागा भरवशाची.

मग वारा. उतरायचे ते वाऱ्याला तोंड देऊन, म्हणजे जमिनीवरचा वेग कमी होतो. मैदानावर वाऱ्याने फुगणारा कापडी मोजा टांगलेला असला तर ठीक, नसला तर चुलीचा धूर बघायचा, वाळत घातलेली धोतरे-लुगडी बघायची. तळे असेल तर फारच उत्तम. तळ्याच्या ज्या काठाशी पाणी आरशासारखे संथ, त्या काठाकडून वारा येतो आणि पलीकडच्या काठाला लाटा जातात. तलावांच्या आमच्या जिल्ह्यात वैमानिकाला वाऱ्याची दिशा कोणाला विचारायची गरज पडली नसती. उतरायला जागा मिळाली नसती, एवढेच.

जमीन कठीण असेल तर पुढचे सोपे. भुसभुशीत असेल तर खरी परीक्षा. चाके रुतली की मागून येणारा जोर नाकावर जातो, पंखा जमिनीत घुसतो, आणि विमान नाकावर उभे राहते, कधी थेट पाठीवर उलटते. म्हणून चाक टेकताना वेग जितका कमी करता येईल तितका करायचा, दांडा पोटाशी ओढून धरायचा, शेपटीचा भार मागे राखायचा, आणि ब्रेकच्या नादी लागायचे नाही. मऊ माती स्वतःच थांबवते. कधी नको तितकी लवकर. चिखलात उतरणे पुष्कळदा जमून जाते, अडचण येते ती उठताना. विमान वेग घेईना, चिखल चाकांना धरून ठेवी, आणि मैदानाचे टोक जवळ येत जाई. काळ्या मातीचा चिखल बैलगाडीच्या चाकाला कसा लपेटतो ते वऱ्हाडातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

अशा विमानातून १५ ऑक्टोबरला सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जे. आर. डी. कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून निघाले. सोबत सुमारे २५ किलो टपाल. रेडिओ नाही. जमिनीवरून दिशा सांगणारे कोणी नाही. नकाशा, होकायंत्र आणि खाली दिसणारी नदी, किनारा, आगगाडीचे रूळ, एवढ्यावर भिस्त. अहमदाबादला उतरले तेव्हा बर्मा शेलचे पेट्रोल चार चार गॅलनच्या डब्यांतून बैलगाडीने आले. त्या काळी असे डब्यातले पेट्रोल हरणाच्या मऊ कातड्यातून गाळून टाकीत ओतायची रीत होती, कारण पाण्याचा थेंबभर अंशही इंजिन बंद पाडायला पुरे. बैलगाडी विमानाला इंधन आणते, यात आज आपल्याला मौज वाटते. पण मला त्यात विरोधाभास दिसत नाही. त्या मैदानापर्यंत ट्रक जाईल असा रस्ता नसेल, तर बैलगाडी हेच त्या जागेचे योग्य वाहन, जसे हजार मैलांसाठी पस मॉथ.

दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी विमान जुहूला उतरले. तिथे व्हिन्सेंट दुसरे विमान घेऊन वाट पाहत होता. मद्रासच्या थैल्या त्याच्या विमानात चढल्या आणि तो बेल्लारीकडे निघाला. अंधारात उतरायची सोय कुठेच नव्हती, त्यामुळे मुक्काम बेल्लारीला आणि दुसऱ्या दिवशी मद्रास. या साऱ्या मार्गावर काँक्रीटची धावपट्टी म्हणावी असे जवळजवळ काही नव्हते. होमी भरुचा हा तिसरा वैमानिक. तीन वैमानिक, तीन मेकॅनिक, दोन विमाने: टाटांचे विमान खाते एवढेच. लंडनचे पत्र जुहूला उतरल्यावर आमच्या बाजूला कसे येत असेल? मुंबईहून नागपूर, पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदिया, तिथून चांद्याकडे जाणाऱ्या नॅरोगेजने सौंदड, आणि सौंदडहून साकोली-सानगडीकडे बहुधा टपालवाल्याच्या पायांवर. विमानाने वाचवलेले दिवस या शेवटच्या टप्प्यात कितपत टिकत असतील, शंकाच आहे.

जुहूची जागा मुळात १९२८ पासून हौशी उड्डाणांसाठी वापरात आली होती. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाजण. आठ महिने उत्तम. वारा मोकळा, आडवे येणारे काही नाही, जमीन सपाट. पण पावसाळ्यात भरतीचे पाणी आणि वरचे पाणी एकत्र आले की मैदान आणि समुद्र यांतला फरक कागदावरच उरे. जे. आर. डी. पुढे कित्येक वर्षे ही गोष्ट मिस्किलपणे सांगत. पर्याय एकच होता: पावसाळा आला की बाडबिस्तरा आवरून अख्खी कंपनी घाट चढून पुण्याला न्यायची. ज्यांनी शेतात राहून पावसापूर्वीची आवराआवर केली आहे त्यांना ही धांदल ओळखीची वाटेल.

पुण्यात उतरायला परवानगी मिळाली ती येरवड्याच्या मैदानावर, तुरुंगाच्या भिंतींच्या सावलीत. हा तुरुंग त्या दोन वर्षांत देशाच्या राजकारणाचा मध्यबिंदू झाला होता. गांधीजी १९३२ च्या जानेवारीपासून तिथे होते. २० सप्टेंबरला त्यांनी तिथेच उपोषण सुरू केले, २४ तारखेला डॉ. आंबेडकर आणि हिंदू पुढाऱ्यांत पुणे करार झाला. टपाल ठरल्या दिवशी सुरू झाले असते तर त्याच्या पहिल्या काही थैल्यांत या उपोषणाचीच पत्रे खच्चून भरली असती. १९३३ चा पावसाळा हा टपालाचा पहिला पुरा पावसाळा. त्याच ऑगस्टमध्ये गांधीजींना पुन्हा येरवड्यात आणले गेले, १६ तारखेला त्यांनी पुन्हा उपोषण धरले आणि आठवडाभरात त्यांची सुटका झाली. भिंतीच्या आत हे, आणि बाहेरच्या मैदानावर तीन मेकॅनिक पस मॉथच्या चाकांचा चिखल काढत बसलेले. इतिहासाच्या पुस्तकात ही दोन्ही प्रकरणे एका पानावर कधी येत नाहीत.

पुण्याला उतरण्यात सोय होती तशी धास्तीही होती. मैदान उंचावर, पाणी निचरून जाणारे, म्हणून कोरडे. पण तिथे पोचायला सह्याद्री ओलांडायचा. जुलैत घाटमाथा ढगांत असतो, आणि ढगात शिरल्यावर विमान सरळ चालले आहे की कलले आहे हे सांगणारी धड यंत्रे तेव्हा हाताशी नव्हती. वैमानिक ढगांच्या खालून, फटी शोधत जात. रूळ धरून जावे तर घाटात रूळ बोगद्यात शिरतात. आगगाडीला ते परवडते, विमानाला नाही. आणि तरीही पहिल्या वर्षाच्या अखेरीस सरकारच्या नागरी विमान वाहतुकीच्या अहवालात या टपालाचे कौतुक झाले ते वक्तशीरपणासाठी. शंभर टक्के वेळेवर, पावसाळा धरून, घाट धरून. पहिल्या वर्षात १ लाख ६० हजार मैल उड्डाण, १५५ प्रवासी, दहा टनांच्या घरात टपाल, आणि ६० हजार रुपये नफा. अनुदान नाकारणाऱ्या सरकारने हे आकडे कोणत्या तोंडाने वाचले असतील कोण जाणे.

या वक्तशीरपणाचे श्रेय वैमानिकांना मिळाले आणि ते योग्यच आहे. पण मला वाटते, निम्मे श्रेय जुहू सोडून येरवड्याला जाण्याच्या निर्णयाला आहे. हट्टाने जुहूतच राहिले असते तर दर दोन आठवड्यांनी एक विमान नाकावर उभे राहिले असते. पावसाशी भांडायचे नाही, त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचे, हे शहाणपण कोणत्याही उड्डाणशाळेत शिकवले जात नव्हते. व्हिन्सेंट ते मैदाने तुडवून शिकला होता.

मग भराभर गोष्टी वाढल्या. १९३५ मध्ये गोवा आणि कण्णूरमार्गे त्रिवेंद्रम, १९३७ मध्ये इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेरमार्गे दिल्ली. १९३८ साली साम्राज्यातले सगळे पहिल्या वर्गाचे टपाल विमानाने न्यायची योजना आली तेव्हा थैल्या पस मॉथच्या आवाक्याबाहेर गेल्या. दोन इंजिनांची विमाने आली. विमान जड झाले की जमिनीलाही कठीण व्हावे लागते. पस मॉथ ज्या मैदानावर अलगद टेकत होते तिथे जड विमान चाकोऱ्या पाडू लागले. मुरूम, रोलर, खडी, डांबर, या क्रमाने मैदानाचा विमानतळ होत गेला. व्हिन्सेंट स्वतः हे संक्रमण पुरते पाहू शकला नाही. हिंदुस्थानात विमाने बांधायचा कारखाना काढायच्या खटपटीत तो इंग्लंडला गेला होता. १९४२ च्या जानेवारीत परत येताना तो ज्या हवाई दलाच्या विमानात होता ते फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ पाडले गेले.

युद्धाने कच्च्या मैदानांचे सगळे गणितच उलटे केले. जपानी सैन्य ब्रह्मदेशात घुसल्यावर इंग्रजांनी देशभर दोनशेहून जास्त धावपट्ट्यांचा सपाटा लावला. काही काँक्रीटच्या, काही निव्वळ उन्हाळ्यापुरत्या, काहींवर भोके पाडलेले पोलादी पत्रे एकमेकांत अडकवून अंथरलेले. यांतली बरीच कामे बायाबापड्यांनी डोक्यावरून खडी-माती वाहून केली. आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला आली ती बिरसीची धावपट्टी. गोंदियाजवळ, कामठ्याच्या बाजूला. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तोवर बिरसी भंडारा जिल्ह्यातच होते. त्यामुळे बिरसीची युद्धकाळातली हकिकत भंडाऱ्याची म्हणून सांगायचा हक्क मी सोडणार नाही. नागपूरचे सोनेगाव त्याहून जुने, पहिल्या महायुद्धाच्या अखेरचे. त्या दोघांत मोठा फरक हा, की सोनेगावला युद्धानंतर काम मिळाले आणि बिरसीला ते मिळायला साठेक वर्षे लागली.

स्वातंत्र्यानंतर लगेचच, काश्मीरच्या लढाईत, कच्च्या मैदानांची गरज पुन्हा एकदा अशी पडली की सगळ्या देशाचे लक्ष तिकडे गेले. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरच्या मातीच्या पट्टीवर डाकोटा विमाने शीख पलटण घेऊन उतरली तेव्हा धुळीचे लोट इतके उठत, की मागच्या वैमानिकाला पुढचे विमान दिसत नसे. १९४८ च्या मे महिन्यात एअर कमोडोर मेहेरसिंग यांनी जनरल थिमय्यांना सोबत घेऊन लेहच्या वाळूवर डाकोटा उतरवले, साडेदहा हजार फुटांहून उंचावर, जिथे याआधी कोणी विमान उतरवलेच नव्हते. पस मॉथच्या दहा-बारापट वजनाची विमाने, जमीन मात्र तीच, माणसांनी दगड वेचून सपाट केलेली.

आणि मग नागपूर. टपालाच्या गोष्टीचा विदर्भातला भाग हा. दळणवळणमंत्री रफी अहमद किडवई यांच्या मनात आले की रात्री विमाने उडवून एका रात्रीत देशभर टपाल फिरवावे. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघेल. चौघे मध्यरात्री नागपूरला भेटतील, थैल्या आणि प्रवासी अदलाबदल करतील, आणि पहाटेपर्यंत आपापल्या घरी परततील. ३० जानेवारी १९४९ ला हे सुरू झाले. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र सकाळी कलकत्त्यात. नकाशाच्या मध्यावर असण्याचा नागपूरला झालेला हा बहुधा पहिला रोख फायदा.

याला विरोध केला तो जे. आर. डी. टाटांनी, आणि त्यावरून दोघांत चांगलीच जुंपली. मला हा वाद फार बोलका वाटतो. सतरा वर्षांपूर्वी चिखलात विमान उतरवणारा माणूस आता म्हणत होता, की रात्री उतरायची पुरेशी सोय जमिनीवर नाही, आधी दिवे, रेडिओ, यंत्रणा उभारा आणि मग उडा. किडवईंना यात धंदेवाल्याची अडवणूक दिसली. मला त्यात जुहूचा अनुभव दिसतो. दिवसा वैमानिक जमीन स्वतः वाचतो, खालून फेरी मारतो, गुरे हाकलतो, धूर पाहतो. रात्री त्याला यातले काही करता येत नाही. जमिनीनेच त्याला दिसायला हवे. जे. आर. डीं.चा मुद्दा बरोबर होता, असे माझे मत. किडवईंचे नागपूरही बरोबर निवडलेले होते. सेवा सुरू करणारी कंपनी टिकली नाही, दुसऱ्यांनी ती उचलली, १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर इंडियन एअरलाइन्सकडे ती गेली. त्याच वर्षी डिसेंबरात सोनेगावहून उठलेले टपालाचे डाकोटा लगेच कोसळले आणि आतली बहुतेक माणसे गेली. सेवा तरीही चालू राहिली. मध्यरात्री सोनेगावच्या उपाहारगृहात चार दिशांचे प्रवासी एकत्र चहा घेत, आणि नागपूरकरांची एक पिढी त्या विमानांच्या आवाजावर घड्याळ लावत मोठी झाली.

जे. आर. डीं.नी आपले पहिले उड्डाण पुढे दोनदा पुन्हा करून दाखवले, १९६२ मध्ये आणि १९८२ मध्ये, लेपर्ड मॉथ या पस मॉथच्याच भावंडातून. दुसऱ्या खेपेला वय अठ्ठ्याहत्तर. तेव्हाही कराचीहून निघून जुहूलाच उतरले. तोवर जुहूला पक्की धावपट्टी होऊन बरीच वर्षे लोटली होती, आणि मोठी विमाने केव्हाच सांताक्रूझला गेली होती. आज जुहूवरून मुख्यतः हेलिकॉप्टर उडतात, त्यांतली कितीतरी समुद्रातल्या तेलविहिरींकडे माणसे नेणारी.

बिरसीचे दिवस फिरले ते एकविसाव्या शतकात. आधी औद्योगिक विकास महामंडळाकडे असलेली ती धावपट्टी २००५ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने घेतली. गोंदियाचेच प्रफुल्ल पटेल तेव्हा केंद्रात नागरी उड्डयनमंत्री होते, हे इथल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर न विचारता सांगितले जाते. धावपट्टी लांबली, पक्की झाली, वैमानिक घडवणारी शाळा आली. दोन-चार माणसांची प्रशिक्षणाची विमाने तेव्हापासून गोंदिया-बालाघाटच्या आकाशात घिरट्या घालतात. या कामातली जोखीम सरली असे मात्र नाही: २०२३ च्या मार्चमध्ये बिरसीहून उडालेले एक प्रशिक्षण विमान बालाघाटच्या डोंगरात पडले आणि आतले दोघेही मेले. आकाराने ही विमाने पस मॉथच्याच कुळातली, फक्त तिसरे चाक आता शेपटीखाली नसून नाकाखाली असते. शिकणाऱ्याला इंजिन बंद पडल्याचा सराव करताना खाली बघून शेत निवडायला सांगतात. कापणीनंतरचे रिकामे शेत वरून मोठे सोयीचे दिसते. त्यातला गुडघाभर उंचीचा धुरा खाली आल्यावरच दिसतो.

१३ मार्च २०२२ ला बिरसीहून इंदूर आणि हैदराबादसाठी प्रवासी विमान सुरू झाले, पण ते टिकले नाही. १ डिसेंबर २०२३ पासून दुसऱ्या कंपनीचे हैदराबादचे विमान आले. सानगडीहून मुंबईला निघालेला माणूस मात्र अजूनही आधी नागपूरच गाठतो.